पीए होण्याआधीचे रुग्णसेवेचे तास : अमेरिकेतील एक अट आणि तिच्यामागचा अर्थ

अमेरिकेतील फिजिशियन असिस्टंट, म्हणजे रुग्णालयात सगळेच ज्याला नुसते ‘पीए’ म्हणतात, तो रुग्ण तपासणारा, निदान करणारा, औषधे लिहून देणारा आणि शस्त्रक्रियेत सर्जनच्या समोर उभा राहून हात देणारा परवानाधारक व्यावसायिक असतो. तेथील मराठी घरांतही डॉक्टरकीच्या लांब वाटेऐवजी या वाटेचा विचार करणारी मुले आता दिसतात. गुणांची आणि रसायनशास्त्र, शरीररचना, शरीरक्रिया या विषयांची अट त्यांना आणि त्यांच्या पालकांना लगेच समजते. गोंधळ होतो तो तिसऱ्या अटीपाशी. प्रवेशाआधीच काही शे, कधी हजार, कधी दोन हजार तास ‘रुग्णसेवेचा थेट अनुभव’ असला पाहिजे, असे बहुतेक अभ्यासक्रम सांगतात. जे शिकायला जायचे, तेच आधी करून या असे सांगण्यासारखे हे वाटते. पण ही अट या व्यवसायाच्या जन्मापासून त्याच्या सोबत आहे, आणि ती कुठून आली हे समजले की कोणता अनुभव धरला जातो आणि कोणता नाही, हेही बऱ्याच अंशी उलगडते.

१९६५ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी पीएंची पहिली तुकडी सुरू केली. तिच्यात चार विद्यार्थी होते आणि चौघेही नौदलात वैद्यकीय काम केलेले माजी सैनिक होते. त्या काळी डॉक्टरांचा तुटवडा होता, खेड्यापाड्यांत तो विशेष जाणवत होता. दुसरीकडे सैन्यातून परतणाऱ्या या माणसांनी जखमा बांधल्या होत्या, रक्तस्राव थांबवला होता, तापाने फणफणलेल्या माणसाजवळ रात्र काढली होती, पण नागरी जीवनात त्या कौशल्याला कुठेच जागा नव्हती. स्टेड यांनी या दोन गोष्टींची सांगड घातली. १९६७ मध्ये त्यांतले तिघे पदवी घेऊन बाहेर पडले. १९६९ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात डॉ. रिचर्ड स्मिथ यांनी सुरू केलेला मेडेक्स हा अभ्यासक्रमही सैन्यातून आलेल्या अनुभवी माणसांवरच उभा राहिला. म्हणजे विद्यार्थी रुग्णाला पहिल्यांदाच हात लावत नाही, हे या शिक्षणाने सुरुवातीपासून गृहीत धरले.

आजही अभ्यासक्रमाची रचना त्याच गृहीतकावर आहे. पीएचे पदव्युत्तर शिक्षण साधारणपणे सव्वादोन वर्षांचे असते. पहिले वर्ष वर्गात आणि प्रयोगशाळेत जाते; त्यानंतरच्या वर्षात विद्यार्थी कौटुंबिक वैद्यक, आपत्कालीन विभाग, शस्त्रक्रिया, बालरोग, स्त्रीरोग, मानसोपचार अशा विभागांत काही काही आठवडे काम करत फिरतो. डॉक्टर होणाऱ्याला चार वर्षांच्या शिक्षणानंतर किमान तीन वर्षे रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयात वरिष्ठांच्या देखरेखीखाली प्रशिक्षण, करावी लागते; पीएला तशी सक्ती नाही. राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण झाला आणि राज्याचा परवाना मिळाला की तो कामाला लागतो. इतक्या थोड्या काळात औषधशास्त्रही शिकवायचे आणि अनोळखी, वेदनेत असलेल्या, कधी चिडलेल्या माणसाशी कसे बोलावे हेही शिकवायचे, हे जमणारे नाही. दुसरी गोष्ट विद्यार्थ्याने आधीच शिकून यावी, एवढीच या अटीची मागणी आहे.

आता वर्गवारीकडे वळू. बहुतेक पीए अभ्यासक्रमांचे अर्ज ‘कॅस्पा’ या केंद्रीय व्यवस्थेतून जातात. तिच्यात अनुभवाचे वेगवेगळे रकाने असतात आणि विद्यार्थ्यांची सर्वाधिक चूक पहिल्या दोन रकान्यांत होते. पहिला रकाना थेट रुग्णसेवेचा आहे. रुग्णाच्या देखभालीची प्रत्यक्ष जबाबदारी तुमच्यावर होती, असे काम त्यात येते. परिचारिका, पॅरामेडिक, फिजिओथेरपिस्ट, रक्त काढणारा तंत्रज्ञ ही त्याची ठळक उदाहरणे आहेत. दुसरा रकाना आरोग्यक्षेत्रातील इतर अनुभवाचा आहे. तुम्ही रुग्णालयात होता, रुग्णही भेटत होते, पण त्यांची जबाबदारी तुमच्यावर नव्हती, असे काम येथे येते : नोंदणी खिडकीवर बसणे, जेवणाची ताटे पोहोचवणे, फार्मसीत औषधे भरून देणे. डॉक्टरांच्या किंवा पीएच्या मागे उभे राहून केवळ निरीक्षण करणे, ज्याला तेथे शॅडोइंग म्हणतात, त्याचा रकाना तिसरा आहे आणि समाजसेवेचा चौथा. एकच तास दोन रकान्यांत लिहिता येत नाही.

ही रेषा कागदावर स्पष्ट दिसते, वॉर्डात ती तितकी स्पष्ट नसते. नर्सिंग असिस्टंटचे किंवा मेडिकल असिस्टंटचे काम कोणत्या रकान्यात जाईल, हे कॅस्पाच्या व्याख्येतही कामाच्या स्वरूपावर सोडलेले आहे. डॉक्टर बोलत असताना संगणकावर नोंद टिपणाऱ्या स्क्राइबचे तास एक अभ्यासक्रम थेट रुग्णसेवा म्हणून मान्य करतो आणि दुसरा साफ नाकारतो. म्हणून नोकरी पत्करण्याआधी आपल्या मनातल्या आठ-दहा अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळांवर जाऊन त्यांची यादी वाचावी, आणि शंका राहिल्यास प्रवेश कार्यालयाला लेखी विचारून उत्तर जपून ठेवावे. मित्राच्या बहिणीला जे चालले ते आपल्यालाही चालेल, या भरवशावर एक वर्ष घालवणे फार महागात पडते.

तास किती लागतात, याचे एकच उत्तर नाही. काही अभ्यासक्रम किमान तासांची अट घालतच नाहीत, काही पाचशे मागतात, बरेच हजाराच्या आसपास आणि काही दोन हजार. किमान अट पूर्ण केली म्हणजे प्रवेश नक्की, असेही नाही, कारण प्रत्यक्ष निवड झालेल्यांचे तास बहुधा किमान अटीपेक्षा बरेच जास्त असतात. तरी आकड्याला घाबरण्याचे कारण नाही. पूर्णवेळ नोकरी, म्हणजे आठवड्याला ४० तास, वर्षातले ५० आठवडे केली तर २,००० तास एका वर्षात होतात. पदवीनंतर एक वर्ष थांबणारे विद्यार्थी हेच करतात. कॉलेज चालू असताना वर्षातले ५० शनिवार १२ तासांची एक पाळी केली तरी वर्षाला ६०० तास होतात. अशी दोन वर्षे आणि त्यांच्या जोडीला दोन उन्हाळ्यांत प्रत्येकी १२ आठवडे, आठवड्याला ३६ तास धरले, तर बेरीज २,०६४ होते. मात्र हे गणित मांडताना गुणांकडे डोळेझाक करू नये. रात्रपाळी करून सकाळी सेंद्रिय रसायनशास्त्राची परीक्षा दिली आणि गुण घसरले, तर जमवलेल्या तासांनी ते भरून निघत नाहीत. ज्या सत्रात कठीण विषय आहेत त्या सत्रात पाळ्या कमी कराव्यात.

सुरुवात कोणत्या कामापासून करावी? बहुतेकांसाठी सर्वांत जवळचे दार सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंटचे, म्हणजे सीएनएचे असते. संघराज्याच्या नियमाप्रमाणे त्यासाठी किमान ७५ तासांचे प्रशिक्षण लागते. अनेक राज्ये त्याहून अधिक मागतात, कॅलिफोर्नियात तर ते १६० तासांचे आहे. प्रशिक्षणानंतर लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा होते. काम वृद्धाश्रमात, रुग्णालयात किंवा घरी जाऊन करायचे असते. अंघोळ घालणे, भरवणे, कपडे बदलणे, बेडपॅन देणे, कूस बदलणे, नाडी, रक्तदाब आणि ताप मोजणे, लघवीचे आणि प्यायलेल्या पाण्याचे माप लिहिणे हे त्याचे स्वरूप आहे. अनेक मराठी पालक येथे नाक मुरडतात. एवढे शिकून मुलीने परक्यांची घाण काढायची का, असा प्रश्न घरात उघडपणे विचारला जातो. मला हा प्रश्न मुळातच चुकीचा वाटतो. अर्धांगवायू झालेल्या माणसाचे शरीर किती जड होते, अंगावर पाणी घेताना म्हाताऱ्या माणसाला किती संकोच वाटतो, वेदना लपवणारा चेहरा कसा दिसतो, हे ज्याला जवळून कळले आहे, त्याने लिहिलेल्या औषधावर रुग्ण अधिक विश्वास ठेवतो, आणि तो विश्वास योग्यच असतो.

या कामात विचार लागत नाही, हाही गैरसमज आहे. डावी बाजू लुळी पडलेल्या रुग्णाला पलंगावरून चाकांच्या खुर्चीत बसवायचे आहे असे समजा. खुर्ची त्याच्या उजव्या, धडधाकट बाजूला लावायची, कारण वळताना भार त्याच पायावर येणार असतो. खुर्चीचे ब्रेक लावायचे, पाय टेकवायच्या पट्ट्या बाजूला करायच्या, रुग्णाला न घसरणारे मोजे किंवा बूट घालायचे. त्याला पलंगाच्या कडेला बसवून थोडा वेळ थांबायचे आणि गरगरते का ते विचारायचे, कारण बराच वेळ आडवे पडलेल्या माणसाचा रक्तदाब उठताच घसरू शकतो. मग कमरेला रुंद पट्टा बांधायचा, आपले गुडघे वाकवायचे आणि तो पट्टा धरून त्याला उभे करायचे; काखेत हात घालून ओढायचे नाही, त्याने लुळा खांदा निखळू शकतो. कपडे बदलताना माकडहाड आणि टाचा पाहायच्या. तेथे लालसर डाग दिसला आणि बोटाने दाबून सोडल्यावरही त्याची लाली गेली नाही, तर ती बेडसोअरची सुरुवात असते आणि ते त्याच वेळी नर्सला सांगावे लागते. सावळ्या त्वचेवर लाली नीट दिसत नाही, म्हणून तेथे हाताला लागणारी ऊब आणि घट्टपणा तपासावा लागतो. श्वास मोजतानाही एक साधी युक्ती शिकवतात : नाडी मोजून झाल्यावर मनगट सोडायचे नाही आणि त्याच स्थितीत छातीकडे पाहत श्वास मोजायचे, कारण आपला श्वास कोणी मोजत आहे हे कळले की माणूस नकळत वेगळा श्वास घेऊ लागतो. असे शेकडो रुग्ण पाहिल्यावर एखाद्याचा श्वास आज बरोबर नाही, हे आकडा लिहिण्याआधीच लक्षात येऊ लागते, आणि पीएच्या वर्गात फुप्फुसांचा धडा सुरू होतो तेव्हा त्या विद्यार्थ्यापुढे खरी माणसे उभी असतात.

रुग्णवाहिकेवरील ईएमटीचे, म्हणजे इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियनचे काम वेगळ्या धाटणीचे आहे. त्याचे प्रशिक्षण साधारण १५० ते १९० तासांचे, म्हणजे एका सत्राचे असते. येथे रुग्ण निदानाची चिठ्ठी घेऊन येत नाही. तो स्वयंपाकघरात जमिनीवर पडलेला असतो, आणि वेदना केव्हा सुरू झाली, कशाने वाढते, कुठे पसरते, कोणती औषधे चालू आहेत, कशाची ॲलर्जी आहे, शेवटचे कधी खाल्ले, हे तुम्हालाच काही मिनिटांत विचारून घ्यायचे असते. पीएच्या रोजच्या कामाशी, म्हणजे रुग्णाची कहाणी ऐकून तिला आकार देण्याशी, हे काम मला सर्वांत जवळचे वाटते. एक सावधगिरी मात्र हवी : काही खासगी रुग्णवाहिका कंपन्यांत दिवसभर डायलिसिसच्या रुग्णांची ने-आणच चालते. ती सेवाही गरजेची आहे, पण शिकायला मिळते ते आपत्कालीन हाकेला जाणाऱ्या पथकात. न्यू जर्सीसारख्या राज्यांत गावोगावी स्वयंसेवी पथके आहेत आणि नवख्या मुलांना ती आपलेसे करतात.

रक्त काढण्याचे, म्हणजे फ्लेबॉटमीचे काम सुईवरचा हात स्थिर करते आणि शिस्तही लावते. नळ्या कोणत्या क्रमाने भरायच्या हे ठरलेले असते : सायट्रेटची निळ्या झाकणाची आधी, ईडीटीएची जांभळी नंतर (ही दोन्ही रक्त गोठू न देणारी रसायने आहेत). क्रम चुकला आणि ईडीटीएचा अंश रसायनचाचणीच्या नळीत गेला, तर पोटॅशियम खोटेच वाढलेले आणि कॅल्शियम खोटेच घटलेले दिसते, आणि त्या आकड्यावर कोणी उपचार केले तर निरोगी माणसाला अपाय होऊ शकतो. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, नेवाडा आणि लुइझियाना ही राज्ये या कामासाठी राज्याची मान्यता मागतात. याची मर्यादा एवढीच की प्रत्येक रुग्णाची भेट काही मिनिटांचीच असते. दवाखान्यातील मेडिकल असिस्टंटला मात्र तोच रुग्ण पुन्हा पुन्हा भेटतो आणि शेजारी एखादा पीए काम करत असेल तर त्याचे सगळे काम जवळून पाहायला मिळते. नोकरी घेताना हे मुद्दाम विचारावे. शस्त्रक्रियागृहातील तंत्रज्ञ, श्वसनोपचारतज्ज्ञ, मानसोपचार वॉर्डातील सहायक हीही चांगली कामे आहेत, पण त्यांतल्या काहींना स्वतंत्र शिक्षणच एक-दोन वर्षांचे असते.

भारताशी नाते असलेल्या घरांत आणखी एक मार्ग सुचवला जातो : सुट्टीत पुण्याला किंवा कोल्हापूरला जा, काकांचे हॉस्पिटल आहे, तिथे महिनाभर सगळे करायला मिळेल. तेथे जाऊन पाहणे, ऐकणे, ओपीडीतली गर्दी अनुभवणे यात चांगलेच आहे आणि ते निरीक्षण म्हणून प्रामाणिकपणे लिहावे. पण प्रशिक्षण नसलेल्या विद्यार्थ्याने तेथे इंजेक्शन देणे किंवा टाके घालणे हे त्या रुग्णावर अन्यायाचे आहे. जे अमेरिकेतल्या रुग्णावर करायची परवानगी नाही, ते साताऱ्याच्या किंवा सोलापूरच्या रुग्णावर करण्याचीही नसते. प्रवेश समितीला अशा ओळी वाचून कौतुक वाटत नाही, अर्जदाराच्या विवेकाविषयी शंका येते.

भारतात शिकून, काम करून अमेरिकेत आलेल्यांची गोष्ट निराळी. लग्नानंतर तेथे गेलेल्या फिजिओथेरपिस्टने किंवा नर्सने आपल्या शहरातील रुग्णालयात पात्र व्यावसायिक म्हणून केलेले काम खऱ्या अर्थाने रुग्णसेवाच आहे आणि ते अर्जात लिहिता येते. त्यासाठी कामाचा काळ, पद आणि कर्तव्ये सांगणारे पत्र देश सोडण्याआधीच घेतलेले बरे. नंतर प्रशासन बदलते आणि पत्र मिळवणे कठीण होते. परदेशी पदवीचे मूल्यांकन करून घ्यावे लागते आणि काही अभ्यासक्रम थोडे विषय किंवा थोडा अनुभव अमेरिकेतलाच मागतात. भारतातही पीएचे शिक्षण १९९२ पासून, चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनपासून, सुरू आहे. पण अमेरिकेची राष्ट्रीय परीक्षा तेथील मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यालाच देता येते, त्यामुळे भारतातील पीएलाच काय, एमबीबीएस डॉक्टरलाही ते शिक्षण पुन्हा घ्यावेच लागते.

व्हिसाचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे आणि त्यावर घरात वेळेवर बोलणे होत नाही. आईवडिलांच्या नोकरीमुळे एच-४ व्हिसावर वाढलेल्या मुलाला पगारी काम करता येत नाही. त्याच्या वर्गमैत्रिणी सोळाव्या-सतराव्या वर्षी सीएनए होतात आणि तो नुसता पाहत राहतो. मुळात पगारी असलेले काम फुकट करतो असे म्हणून करणेही नियमात बसत नाही. खऱ्या अर्थाने स्वयंसेवी असलेले काम, जसे स्वयंसेवी रुग्णवाहिका पथक किंवा हॉस्पिसमधील, म्हणजे शेवटच्या आजारातील रुग्णांच्या शुश्रूषाकेंद्रातील सोबत, हा त्याच्यासाठी मोकळा राहणारा मार्ग आहे. मात्र राज्याचा आणि त्या पथकाचा नियम आधी विचारून घ्यावा. एफ-१ व्हिसावरील विद्यार्थ्याला सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते. आवाराबाहेर परवानगीशिवाय करता येत नाही, आणि ती परवानगी बहुधा अभ्यासविषयाशी संबंधित कामासाठीच असते. काही पीए अभ्यासक्रम व्हिसावरील विद्यार्थ्यांना प्रवेशच देत नाहीत. तासांच्या मागे लागण्याआधी ही चौकशी झालीच पाहिजे, आणि ती विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडे करावी, ओळखीच्या माणसाकडे नव्हे.

काम सुरू झाले की पहिल्या दिवसापासून वही ठेवावी. तारीख, तास, विभाग, वरिष्ठांचे नाव आणि संपर्क एवढे तर हवेच, पण त्यासोबत त्या दिवशी काय नवे करायला मिळाले हेही दोन ओळींत लिहावे. कॅस्पाचा नवा हंगाम साधारणपणे एप्रिलच्या अखेरीस उघडतो, आणि अनेक अभ्यासक्रम अर्ज येतील तसे तपासत जागा भरत जातात, त्यामुळे जानेवारीत आपली बेरीज कुठे आहे हे माहीत असणे उपयोगाचे ठरते. कामाचे वर्णन लिहायला अर्जात मोजकीच जागा असते. ‘रुग्णांची काळजी घेतली’ या वाक्यात ती वाया घालवू नये. किती रुग्ण एका पाळीत सोपवलेले होते, काय स्वतः करत होता, काय लक्षात आल्यावर कोणाला कळवत होता, हे लिहिले की जबाबदारी किती होती ते वाचणाऱ्याला समजते. वहीत किंवा निबंधात रुग्णाची ओळख पटेल असे काहीही नको : नाव, खोली क्रमांक, गाव, दुर्मिळ आजार आणि तारीख यांची जोडणी, काहीच नाही. १९९६ च्या हिपा कायद्याने रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांवर गोपनीयतेचे बंधन आहे, आणि घरच्या जेवणाच्या टेबलावर सांगितलेल्या गोष्टीलाही ते लागू होते.

शिफारसपत्रे कोणाकडून घ्यायची याचा विचारही याच काळात होतो. आठ महिने ज्या नर्सच्या हाताखाली काम केले, तिचे पत्र एकदाच भेटलेल्या नामांकित डॉक्टरच्या पत्रापेक्षा वजनदार असते, कारण ती पहाटे चार वाजता तुम्ही कसे वागता ते सांगू शकते. ती विनंती नोकरी सोडण्याच्या आठवड्यात न करता, पाळ्या चालू असतानाच, निवांत वेळ पाहून करावी. मुलाखतीत मग प्रश्न येतो : एखादा रुग्ण तुमच्या हाताखाली बिघडत गेला तेव्हा तुम्ही काय केले? ज्याने तास केवळ मोजले आहेत त्याला येथे उत्तर सुचत नाही. ज्याने टाचेवरचा न जाणारा लाल डाग पाहून नर्सला हाक मारली आहे, आणि ती कामात असल्याने दुसऱ्यांदा हाक मारली आहे, त्याला सांगण्यासारखे पुष्कळ असते.